इंट्राकॅथचे १०३ तास

या घटनाक्रमातले काका म्हणजे कोणी एक माणूस नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या दवाखान्यांत ज्या गोष्टी रोज सुट्या सुट्या घडतात, त्या इथे एकाच हातावर आणून ठेवल्या आहेत. म्हणून गावाचं नाव नाही, दवाखान्याचं नाही, तारखाही नाहीत. औषधं, जंतू आणि अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत. बिघाड ज्या पायऱ्यांनी होत जातो त्या पायऱ्याही डॉक्टरांच्या ओळखीच्या आहेत. कंसातले तास सोमवारच्या पहाटे तीनपासून उलटे मोजलेले आहेत.

काका ६१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मधुमेह जुना. थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणं, लघवीला जळजळ. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलं. लघवी कल्चरला पाठवली आणि मंगळवारपासून शिरेतून अर्टापेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं. रोज एक ग्रॅम, एकूण सात दिवस. बुधवारी दुपारी ताप उतरला होता. उपचार बरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात औषधाचा दोष नाही.

बुधवार, रात्री ८ (१०३ तास आधी)

पहिली सुई बंद पडली. नेमकी ड्युटी बदलायची वेळ. काकांच्या शिरा सहज सापडत नाहीत. सिस्टरनी दोनदा टोचून पाहिलं, तिसऱ्यांदा मनगटाशी, अंगठ्याच्या मुळापाशी २२ नंबरची निळी इंट्राकॅथ (शिरेत राहणारी प्लॅस्टिकची नळी, बोलण्यात सुईच) गेली. ‘झालं हो काका, आता परत टोचणार नाही,’ असा शब्दही दिला. तो शब्द काकांनी फार मनावर घेतला.

स्पिरिटचा बोळा फिरवला होता, पण तो वाळायच्या आतच शीर बोटाने पुन्हा चाचपली गेली. त्याच ठिकाणी पुन्हा बोट लागलं की आधीची स्वच्छता गेली. क्लोरहेक्सिडिन असो की स्पिरिट, ते वाळायला लागणारं अर्धं मिनिट हाच त्याच्या कामाचा वेळ असतो. शिवाय मनगट हा सांधा. तिथली नळी प्रत्येक हालचालीबरोबर शिरेत आतबाहेर सरकते, आतलं अस्तर घासतं आणि कातडीवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने आत ओढले जातात. कोपर आणि मनगट यांच्या मधला हाताचा भाग त्यापेक्षा कितीतरी बरा.

वर अपारदर्शक डायनाप्लास्ट, त्यावर रोलर बँडेज. सुई कधी घातली ती तारीख कुठेच लिहिली नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण तीनांतल्या एका निरोगी माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि कुणाचं काही बिघडवत नाही. मधुमेही रुग्णांत आणि रुग्णालयात राहिलेल्यांत तो जास्त सापडतो. त्याला फक्त कातडीतून आत जायला वाट हवी असते. ती आता झाली होती.

गुरुवार, दुपारी १२ (८७ तास आधी)

डिस्चार्ज. ‘राहिलेली पाच इंजेक्शनं गावातच घ्या, सुई हातात राहू दे.’ काका खूश. मुलगा पुण्यात नोकरीला, काकूंची घर-दवाखाना अशी ओढाताण चाललेली, आणि बिलाचा आकडा रोज वाढणारा.

घरी राहून शिरेतून अँटिबायोटिक घ्यायची ही पद्धत आडमार्गाची नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत रकर आणि हॅरिसन यांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना अशी औषधं रुग्णालयाबाहेर देऊन त्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून ती वाढतच गेली आहे. माणूस आपल्या अंथरुणावर झोपतो, घरचं खातो, वॉर्डातले चिवट जंतू त्याच्यापासून लांब राहतात. दिवसातून एकदाच लागणारी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अर्टापेनेमसारखी औषधं आल्यावर तर ती फारच सोयीची झाली. मी या पद्धतीच्या बाजूचाच आहे.

पण परदेशातल्या चांगल्या केंद्रांत या पद्धतीबरोबर एक माणूस येतो. रुग्ण घरी गेला तरी तो कोणाच्या तरी यादीवर असतो. त्या व्यक्तीला रक्ताचे रिपोर्ट जातात, सुईची जागा कशी आहे हे कळवलं जातं, रात्री फोन आला तर तीच उचलते. आपल्याकडे यादी नसते, सुई तेवढी घरी येते.

काकांच्या डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि दिवस होते. हातात इंट्राकॅथ आहे, ती कधीची आहे, कधी काढायची, काय दिसलं तर लगेच काढायची, यातलं एक अक्षर नव्हतं. कल्चरचा रिपोर्ट यायचा होता, तो ‘व्हॉट्सॲप करू’ असं ठरलं. आणखी एक गोष्ट कोणाच्याच मनात आली नाही. अर्टापेनेम लिग्नोकेनमध्ये मिसळून स्नायूतही देता येतं, सात दिवसांपर्यंत. कंबरेवर रोज एक टोचणी. दुखतं, पण शिरेत काही राहत नाही.

गुरुवार, संध्याकाळी ६ (८१ तास आधी)

फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं. कंपाउंडर अनुभवी, हात हलका. त्याने इंट्राकॅथचं झाकण उघडलं आणि फ्लश दिला, म्हणजे सलाईन ढकलून नळी धुतली. झाकणाखालचं तोंड पुसलं नाही. तिथे स्पिरिटचा बोळा पंधरा सेकंद घासायचा असतो, कारण जंतूंचा दुसरा मोठा रस्ता तिथूनच आत जातो. फ्लशचं सलाईन आलं ते टेबलावरच्या बाटलीतून. बाटलीच्या बुचात एक सुई सकाळपासून खोचून ठेवलेली, दिवसभर सगळ्यांना त्यातूनच. ही सवय महाराष्ट्रात इतकी सर्रास आहे की ती चूक आहे हेच कोणाला वाटत नाही. बुचात सुई ठेवलेली बाटली ही उघडी बाटली.

औषध ५० मिली सलाईनमधून अर्ध्या तासात नीट गेलं. डॉक्टरांनी आतून विचारलं, ‘काय काका, बरं आहे ना?’ बरंच होतं.

शुक्रवार, सकाळी १० (६५ तास आधी)

कल्चरचा रिपोर्ट आला. ई. कोलाय, ईएसबीएल जातीचा. नेहमीची बरीच इंजेक्शनं या जातीवर चालत नाहीत, म्हणून अर्टापेनेम. पण खाली लांब यादीत एक ओळ होती: को-ट्रायमॉक्साझोल, सेन्सिटिव्ह.

ही गोळी आहे. जुनी, स्वस्त, तोंडाने घ्यायची. मूत्रपिंडातल्या संसर्गात ईएसबीएल जंतू तिला दाद देत असेल, मूत्रपिंडाचं काम आणि पोटॅशियम ठीक असेल, तर ताप उतरलेल्या रुग्णाला तिच्यावर आणता येतं. आज या जंतूंसाठी ज्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या तेच सांगतात. (नायट्रोफ्युरँटॉइनही यादीत होतं, पण ते मूत्राशयापुरतं. मूत्रपिंडाच्या पेशींत ते पुरेसं पोचत नाही.) म्हणजे शुक्रवारी सकाळी दहा वाजता काकांच्या हातातली सुई काढून टाकता आली असती आणि हा घटनाक्रम इथेच संपला असता.

गोळीवर विश्वास बसत नाही, ही अडचण फक्त रुग्णांची नाही. हाडांच्या आणि सांध्यांच्या संसर्गासाठी सहा आठवडे शिरेतूनच औषध हवं, असं डॉक्टरही अनेक दशकं मानत आले. २०१९ मध्ये ब्रिटनमधला ओविवा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १,०५४ रुग्ण, निम्म्यांना शिरेतून, निम्म्यांना तोंडाने. वर्षभराने पाहिलं तर गोळीवाले मागे पडलेले नव्हते. त्याच सुमारास डेन्मार्कच्या पोएट अभ्यासात हृदयाच्या झडपेचा संसर्ग झालेल्या ४०० रुग्णांतल्या निम्म्यांना, प्रकृती स्थिरावल्यावर, गोळ्यांवर आणलं गेलं. तेही चाललं. झडपेच्या संसर्गात जे चालतं, ते ताप उतरलेल्या काकांच्या लघवीच्या संसर्गात चाललं नसतं असं मानायला कारण नाही.

रिपोर्ट रुग्णालयाने मुलाला पाठवला. मुलाने फॅमिली डॉक्टरांना पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. डॉक्टरांनी ‘ईएसबीएल’ वाचलं, चालू औषध बरोबर आहे हे पाहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

शुक्रवार, संध्याकाळी ६ (५७ तास आधी)

गावातला दुसरा डोस. औषध जाताना मनगटात चुणचुण. ‘कडक औषध आहे, होतं थोडं.’

औषधाने शीर चुरचुरते हे खरं. म्हणूनच हे उत्तर धोक्याचं आहे, ते नेहमीच पटतं. शिरेच्या सुजेची अवस्था मोजायला एक साधी गुणपद्धत आहे, शून्य ते पाच. थोडं दुखणं किंवा थोडी लाली, यांतलं एक असेल तर एक गुण: लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांतलं काहीही दोन: सुई काढा. यंत्र नको, तपासणी नको, डोळे आणि बोट पुरे. पण त्यासाठी पट्टी उघडावी लागते. ती बुधवारपासून कोणी उघडली नव्हती.

आत काय चाललं होतं? शिरेत प्लॅस्टिक गेलं की काही तासांत त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो. स्टॅफच्या अंगावर त्या थराला चिकटायची खास प्रथिनं असतात. चिकटला की तो भोवती चिकट आवरण तयार करतो, बायोफिल्म, आणि त्याच्या आत वाढत राहतो. आता वाटेल, रोज त्याच नळीतून एवढं जबरदस्त अँटिबायोटिक जातंय, मग जंतू जगेल कसा? जगतो. आवरणाच्या आत औषध नीट काम करत नाही. आणि काकांच्या मनगटावरचा स्टॅफ एमआरएसए होता, म्हणजे नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारा. अर्टापेनेम ईएसबीएलला मारतं, एमआरएसएला मारत नाही. ज्या वॉर्डात काका तीन दिवस होते, तसल्या वॉर्डात हा जंतू परका नसतो. उलट बाकीचे जंतू औषधाने हटवले की याला जागा मोकळी मिळते. ‘अँटिबायोटिक चालू आहे, आता कसला संसर्ग होतोय,’ हे मी शिकलेल्या लोकांच्याही तोंडून ऐकतो.

शनिवार, सकाळी ११ (४० तास आधी)

अंघोळ. हाताला दुधाची पिशवी बांधली होती, ती सुटली. पट्टी भिजली. काकूंनी टॉवेलने टिपली आणि वरून नवीन चिकटपट्टी लावून दिली.

शनिवार, संध्याकाळी ६ (३३ तास आधी)

डॉक्टर लग्नाला बाहेरगावी. कंपाउंडर एकटा. फ्लश जाईना. त्याने दोन मिलीची सिरिंज घेतली आणि जोर लावून ढकललं. छोट्या सिरिंजने दाब जास्त बसतो. म्हणून फ्लश दहा मिलीच्या सिरिंजने द्यायचा आणि अडला तर थांबायचं, असा नियम आहे. नळीच्या टोकाशी जमलेली गाठ त्या दाबाने शिरेत पुढे गेली. तिच्यात काय होतं ते सांगायला नको. कळ कोपरापर्यंत गेली. ‘आता मोकळी झाली,’ कंपाउंडर म्हणाला.

सुई घालून ७० तास झाले होते. इथे एका जुन्या वादाकडे वळावं लागेल. इंट्राकॅथ ७२ ते ९६ तासांनी बदलायचीच, असा नियम रुग्णालयांत वर्षानुवर्षं होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. ठरल्या वेळी बदला किंवा गरज पडली तरच बदला, शिरेची सूज दोन्हीकडे ७ टक्केच. मग अनेकांनी घड्याळाचा नियम सोडला. पुढे जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने तो सोडल्यावर रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला आणि त्यांनी तो परत आणला. दोन्ही निष्कर्ष मला एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. ‘गरज पडली तर बदला’ यात गरज कोणीतरी पाहत असतं हे गृहीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ती रोज पाहिली जात होती.

काकांच्या बाबतीत घड्याळाचा नियमही पुरेसा पडला नसता. रविवारी संध्याकाळचा डोस ९४ व्या तासाला होता, म्हणजे कागदावर अजून ‘चालण्यासारखी’. आणि तारीखच लिहिलेली नसल्याने तास मोजणार कोण, हा प्रश्न वेगळाच.

रविवार, सकाळी ९ (१८ तास आधी)

ताप १००.४. काकूंनी डोलो दिली. मुलाला फोन. मुलाने डॉक्टरांना मेसेज केला. उत्तर आलं: ‘लघवीचं इन्फेक्शन आहे, एखादा दिवस येऊ शकतो. कोर्स पूर्ण करा.’

चार दिवस उतरलेला ताप, चालू औषध जंतूला लागू पडतंय असा रिपोर्ट हातात, आणि तरी ताप परत. अशा वेळी आधी जुन्या आजाराचा संशय येतो, पण पहिल्यांदा पाहायची जागा म्हणजे हातातली सुई. फोनवर कोणी विचारलं नाही, ‘सुईची जागा कशी आहे?’

रविवार, संध्याकाळी ६ (९ तास आधी)

दवाखाना बंद. गल्लीतल्या एक सिस्टर घरी आल्या. या पूर्ण घटनाक्रमात पट्टी सोडणारी पहिली व्यक्ती त्याच. मनगट लाल, वर हातभर चढत गेलेली कडक दोरीसारखी शीर, सुईच्या तोंडाशी पिवळा ठिपका. त्या म्हणाल्या, ‘काका, ही काढायला पाहिजे. आत्ताच.’

‘उद्या शेवटचं आहे, बाई. एवढं एक होऊन जाऊ दे. परत तीन-तीनदा टोचून घ्यायची ताकद नाही आता.’

काकूही म्हणाल्या, ‘ते फार घाबरतात हो सुईला.’ सिस्टर घुटमळल्या. त्यांच्याकडे नवीन इंट्राकॅथ नव्हती, मेडिकल बंद व्हायची वेळ झाली होती, डॉक्टर फोन उचलत नव्हते, आणि पट्टी सोडून बघितलं म्हणून डोस बुडवला तर उद्या बोल त्यांनाच लागला असता. त्यांनी फ्लश दिला, औषध दिलं, शिरेवर थ्रॉम्बोफोब मलम चोळलं आणि उद्या डॉक्टरांना नक्की दाखवा असं दोनदा बजावून गेल्या. सिस्टरना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. एवढ्या लोकांत एकट्या त्यांनीच पाहिलं. पण पाहिल्यावर ती काढून टाकायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता.

रविवार, संध्याकाळी ७ (८ तास आधी)

हुडहुडी. दात वाजतात, पलंग हलतो. दोन गोधड्या, पायाशी गरम पाण्याची पिशवी. औषध देऊन अर्धा तास झालेला.

सुईतून काही दिल्यावर अर्ध्या-एक तासात थंडी वाजून आली, तर ती सुई जंतूंनी भरलेली आहे असं धरून चालायचं. फ्लशने बायोफिल्मचे तुकडे थेट रक्तात ढकलले जातात. या घटनाक्रमातली सगळ्यात मोठी धोक्याची घंटा हीच होती. घरात ती ‘थंडीताप’ म्हणून ऐकली गेली. आणखी एक डोलो.

रविवार, रात्री १० (५ तास आधी)

ताप उतरला, घाम फुटला, म्हणून घरात सगळे थोडे निवांत. काका मात्र गुंगीत. विचारलेल्याला उशिरा उत्तर. श्वास मिनिटाला २६. दुपारनंतर लघवी झालेली नाही. साखर ३८०. मुलगा व्हिडिओ कॉलवर, ‘बाबा, जेवलात का?’ काकांनी त्याला भावाच्या नावाने हाक मारली.

श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, बोलण्या-समजण्यात फरक, वरचं बीपी १०० किंवा कमी. तिन्हींतल्या दोन गोष्टी दिसल्या की सेप्सिसचा संशय घ्यायचा आणि निघायचं. पहिल्या दोन घरात मोजता येतात. घड्याळ भिंतीवर होतं.

सोमवार, रात्री १२.३० (अडीच तास आधी)

हात गार, ओठ कोरडे, उठवलं तर उठेनात. शेजारच्याची गाडी काढली. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण रात्री शेजारी आधी आठवतो. ग्रामीण रुग्णालयात बीपी पाहून ‘पुढे न्या’ म्हणाले. पुढे म्हणजे जिल्ह्याला.

सोमवार, पहाटे ३

कॅज्युअल्टी. बीपी ७०/४०, नाडी १३४. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लघवीच्या संसर्गाचा इतिहास ऐकला, कल्चरचं रक्त घेतलं, मेरोपेनेम काढायला सांगितलं. मग दुसऱ्या हाताला सलाईन लावताना बँडेज दिसलं. कात्रीने कापलं. सुई ओढल्याबरोबर मागून पू आला. एमआरएसएवर चालणारं व्हँकोमायसिन २० मिनिटांनी सुरू झालं.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सेप्टिक शॉकच्या २,७३१ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की बीपी कोसळल्यानंतर पहिल्या सहा तासांत, लागू पडणाऱ्या अँटिबायोटिकला होणारा प्रत्येक तासाचा उशीर वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी करतो. काकांचं बीपी घरी नेमकं कधी कोसळलं हे कोणालाच माहीत नाही.

त्यानंतर

कल्चरची बाटली त्याच दिवशी सूचना द्यायला लागली. दुसऱ्या दिवशी नाव आलं: एमआरएसए. रक्तात स्टॅफ ऑरियस गेलेल्या रुग्णांपैकी पाचांतला एक ते तिघांतला एक दगावतो. काका वाचले. आठवड्याभराने कंबर दुखायला लागली, एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती संसर्गाने खाल्लेली निघाली. सहा आठवडे व्हँकोमायसिन, तेही शिरेतूनच, दंडातून छातीपर्यंत जाणाऱ्या लांब नळीने. या वेळी मात्र एका नर्सचं नाव आणि फोन नंबर कागदावर होता, दर आठवड्याला रक्त तपासून औषधाची पातळी आणि मूत्रपिंड पाहिलं जात होतं, आणि नळीवरची पट्टी पारदर्शक होती.

हे सगळं क्वचित घडतं. अमेरिकेतले डेनिस माकी आणि सहकाऱ्यांनी २०० अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये हिशोब मांडला: साध्या इंट्राकॅथमुळे रक्तात संसर्ग होण्याचं प्रमाण नळी हातात असलेल्या १,००० दिवसांमागे सुमारे ०.५. मोठ्या नळ्यांपेक्षा पुष्कळ कमी. पण जगात अशा सुया वर्षाला शंभर कोटींहून अधिक लागतात, आणि ०.५ चा तो आकडा बहुतेक रुग्णालयांतल्या, नर्सच्या नजरेखालच्या हातांचा आहे. तालुक्यातल्या बँडेजखालच्या हातांची मोजणी त्यात नाही.

तेव्हा घरात कोणी हाताला इंट्राकॅथ घेऊन आलं असेल, तर डॉक्टरांना आजच विचारा: हेच औषध गोळीने किंवा कंबरेवर देता येईल का, कल्चरचा रिपोर्ट कोण पाहणार आहे, आणि रात्री फोन कोणाला करायचा. पट्टीवर तारीख आणि वेळ पेनाने लिहून घ्या. पारदर्शक पट्टी मागा, ती नसेल तर रोज डोसच्या आधी पट्टी सोडून जागा दाखवा. दुखत असेल, लाल असेल, सुजली असेल, फ्लश अडत असेल किंवा ताप परत आला असेल, तर शेवटचा डोस उरला असला तरी ती सुई त्याच क्षणी काढून घ्या. नवीन टोचून घ्यावी लागली तरी चालेल.